तिसऱ्यांचा वाटा

माझ्या वडिलांच्या नाकाला आतून भोक आहे. दोन नाकपुड्यांच्या मधला जो पडदा असतो, त्याला. मी लहान असताना ते एका नाकपुडीतून दोरा घालून दुसरीतून बाहेर काढायचे आणि गल्लीतली पोरं टाळ्या पिटायची. क्रोमच्या टाकीवर काम करणाऱ्या सगळ्यांनाच असं भोक पडतं, असं ते सांगायचे. दुसऱ्या कुणाच्या वडिलांनी आमच्याकडे सगळ्यांनाच बोनस मिळतो म्हणून सांगावं, तसं. मला बरीच वर्षं वाटायचं की ही दादांची कला आहे. वडिलांना मी दादा म्हणते.

दादा जालन्याकडचे. तरुणपणी गाव सोडून आले आणि जोगेश्वरीला, ओशिवरा नदीच्या काठच्या वस्तीत राहिले. नदी फक्त नकाशात. आम्ही तिला नालाच म्हणायचो. वस्तीच्या पलीकडे गाळ्यांची रांग होती. कुठे प्लास्टिकची बटणं, कुठे छपाई, आणि एका गाळ्यात निकेल-क्रोमचं पॉलिश. नळ, टॉवेल टांगायच्या दांड्या, सायकलची हँडलं असा माल तिथे काळपट यायचा आणि आरशासारखा होऊन जायचा. दादा त्या टाक्यांवर होते. आधी तेजाब, मग पाणी, मग निकेल, पुन्हा पाणी, शेवटी क्रोम आणि परत पाणी. धुतल्याचं हे सगळं पाणी मोरीतून नाल्यात जायचं. एखादी टाकी खराब झाली की अख्खी सोडून द्यायची. त्याला शेठची एकच अट होती, पाऊस लागला की सोडा. नाला भरून वाहत असला की रंग कुणाला दिसत नाही.

आम्हा पोरांना दिसायचा. हिरवा म्हणजे निकेल, पिवळाजर्द म्हणजे क्रोम. शाळेतून येताना पुलावर उभं राहून आम्ही आज कुठला रंग म्हणून पैज लावायचो. माझ्या वडिलांनी सोडलेला रंग म्हणून मला त्याचा थोडा अभिमानसुद्धा होता.

दादांना कामाचा अभिमान होताच. नातेवाइकाला बघायला म्हणून हॉस्पिटलात गेले तरी आधी बेसिनचा नळ बघायचे आणि बोट फिरवून हा आपल्या हातचा की दुसऱ्याचा ते ठरवायचे. हाताच्या बोटांवर बारीक जखमा असायच्या, त्या महिनोन्महिने भरायच्या नाहीत. शेठ कामगारांना रोज गूळ आणि केळं द्यायचा. गुळाने आतलं विष मरतं, असं तिथे सगळे मानायचे. शेठही मानत असावा, पण मी त्याला गूळ खाताना कधी पाहिलं नाही.

मावशी आमच्या गल्लीत आली ती डोक्यावर पाटी घेऊन. मढच्या बाजूच्या कोळीवाड्यातली, नव्यानेच लग्न झालेली. ओहोटीला खाडीच्या चिखलात उतरून, पायाच्या बोटांनी चाचपत ती तिसऱ्या वेचायची आणि फेरीबोटीने वर्सोव्याला येऊन तिथून पुढे गल्लोगल्ली विकायची. आमची आई जालन्याची, तिने जन्मात शिंपला पाहिला नव्हता. पाटीत बघून तिने विचारलं होतं की ह्या खड्यांचं काय करायचं. मावशी तिथेच उंबऱ्यावर बसली आणि तिने शिकवलं. मिठाच्या पाण्यात ठेवायच्या म्हणजे वाळू टाकतात. मग उकडायच्या. उघडतात त्या घ्यायच्या, मिटून राहतात त्या फेकायच्या.

आईने पहिल्यांदा केल्या त्या आपल्या पद्धतीने, येसर मसाला आणि शेंगदाण्याचं कूट घालून. पुढच्या खेपेला तिने मावशीला वाटीभर दिल्या. मावशी खाऊन इतकी हसली की तिची पाटी कलंडायला आली. कोळ्याच्या घरात असलं कुणी करणार नाही, म्हणाली. पण वाटी पुसून खाल्ली, आणि त्यानंतर दर आठवड्याला आमच्या दारात एक वाटा ठरलेला. मटण सणासुदीला. पापलेट लोकांच्या घरात. तिसऱ्या मात्र आमच्या ताटात माझ्या अख्ख्या लहानपणभर होत्या, आणि शिंपल्यांचा ढीग आई मागे नाल्यात टाकून यायची.

मी रसायनशास्त्र शिकले. त्यात दादांच्या टाक्यांचा हात असावा. तेजाब, निकेल, क्रोम हे शब्द मला पुस्तकाआधी घरात भेटले होते. शिकवायला लागले, मालाडच्या एका कॉलेजात कायम झाले. लग्न झालं, दहिसरला घर घेतलं. गाळा बंद झाल्यावर आणि वस्तीच्या जागी इमारत उभी राहिल्यावर आई-दादा माझ्याकडेच आले.

आईच्या किडन्या गेल्या. तिला साखर होती, आणि साखरेने किडन्या जातात, हे डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी समजावलं. डायलिसिसच्या खुर्चीवर बसल्याबसल्या ती पुस्तक वाचावं तसं छताकडे बघायची. मावशी तोवर घरोघरी फिरणं सोडून मालाडच्या मासळी बाजारात बसायला लागली होती. वेचायला तिची सून जायची. आई गेली तेव्हा मावशी मढहून दहिसरपर्यंत आली, आणि स्मशानातून आम्ही परत येईपर्यंत तिने आमच्या घरातली सगळी भांडी घासून ठेवली होती. विहारातल्या बायकांना वाटलं ती आमची नातेवाईक आहे. मीही दुरुस्त केलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी आमच्या विभागात मुलांना संशोधनाचा एक प्रकल्प द्यायचं ठरलं. मालाडची खाडी कॉलेजपासून जवळ. खाडीतल्या चिखलात आणि शिंपल्यांत जड धातू किती आहेत ते मोजायचं, असा विषय मी निवडला. फार विचार करून निवडला असं नाही. विषय सोपा होता, आणि धातू मोजायचं यंत्र ओळखीच्या एका संस्थेत वापरायला मिळणार होतं. तिसऱ्या खाडीत नेमक्या कुठे मिळतात हे मला माहीत नव्हतं. मी मावशीला विचारलं.

तिने लगेच सुनेला आमच्याबरोबर पाठवलं. माझे विद्यार्थी गुडघ्याएवढ्या चिखलात रुतून बसले आणि ती पोरगी साडीचा काचा मारून त्यांना एकेकाला हात देऊन बाहेर काढत होती. तिवरांना प्लास्टिकच्या पिशव्या लटकलेल्या. तिने आम्हाला जागा दाखवल्या, तिसऱ्या वेचून दिल्या, त्याचं काही घेतलं नाही. आम्ही प्लास्टिकचा पाइप चिखलात ठोकून वर ओढला आणि आत अडकलेल्या चिखलाचे थर कापून वेगवेगळ्या डब्यांत भरले. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. सुनेने विचारलं हे कशाला. मी म्हटलं, खाडीत कारखान्यांचं काय काय आलंय ते शोधतोय. ती म्हणाली, "बरं होईल. कुणीतरी लिहायला पायजे."

निकाल यायला वेळ लागला. आले तेव्हा मी ते पुन्हा पुन्हा तपासले, मग मुलांकडून सगळं पहिल्यापासून करून घेतलं. तिसऱ्यांत शिसं आणि कॅडमियम खाण्याला चालेल त्याच्या बरंच वर होतं. चिखलात तर निकेल, क्रोम, जस्त, सगळंच. मासा पोहत दुसरीकडे जातो. तिसरी एका जागी बसून तेच पाणी गाळत राहते, पाणी सोडून देते आणि धातू स्वतःजवळ ठेवते. उकडल्याने तो जात नाही, मिठाच्या पाण्यात ठेवल्याने जात नाही. हे मी मुलांना फळ्यावर लिहून समजावलं.

क्रोम खालच्या थरांत जास्त होता. वरच्या थरांत शिसं आणि कॅडमियम वाढत गेलेलं, क्रोम कमी झालेला. गाळे हळूहळू बंद होऊन शहराबाहेर गेले, त्याचा तो परिणाम असणार. एका मुलीने विचारलं, मॅडम, हा खालचा थर साधारण कधीचा? मी म्हटलं, नक्की सांगता येणार नाही. सांगता येत नव्हतंच, तेवढं आम्ही मोजलं नव्हतं. पण मला माहीत होतं त्या वर्षांत टाकीवर कोण होतं.

कॅडमियम किडनीत साठतं. पुस्तकातलं हे मी दर वर्षी शिकवते. आईच्या किडन्या कशाने गेल्या ह्याचं उत्तर मात्र मी कधीच देऊ शकणार नाही. तिला साखर होती. तेवढं कारण पुरेसं आहे, आणि माझ्याकडे दुसरं काही सिद्ध करायला काहीही नाही. एखाद्या विद्यार्थ्याने असा निष्कर्ष काढला असता तर मीच लाल पेनाने खोडला असता.

दादांना मी जेवताना सांगितलं. त्यांचं वय झालंय, पण कान आणि डोकं शाबूत आहे. त्यांनी घास खाली ठेवला नाही की काही नाही, जेवत राहिले. ताट धुऊन आले आणि मग म्हणाले, "मग काय करायचं होतं आम्ही? पिपात भरून घरी आणायचं होतं का ते पाणी?"

मी म्हटलं, तुम्हाला कोण दोष देतंय.

"तूच देऊ लागली की. आडून आडून."

ते उठले. टीव्ही लावून बसले. आवाज बंद होता, ते त्यांच्या लक्षात आलं नसावं. मग त्यांनी विचारलं की नाला पुढे मढलाच जातो का. मी म्हटलं, मालाडच्या खाडीत, आणि खाडी मढजवळ समुद्राला मिळते. एवढी वर्षं नाल्याच्या काठी राहून, त्यात रोज पाणी सोडून, तो कुठे जातो हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. विचारायचं कारणच काय होतं? खाली जातो, एवढं पुरत होतं. शेठने तरी विचारलं असेल का, मला शंका आहे. त्याने फक्त पावसाचं बघितलं होतं.

मावशीला मी बाजारात सांगितलं. वाट्यांवर पाणी शिंपडत तिने ऐकून घेतलं. फार मनावर घेतलं नाही. म्हणाली, मी जन्मभर खाल्ल्या, सासूने खाल्ल्या, सासू म्हातारी होऊन मेली. मी तिला म्हटलं की निदान नातवंडांना रोज देऊ नकोस. ती म्हणाली, "मग त्यांना काय देऊ? तुमच्यासारखं पनीर?" मग हसली आणि मला वाटा बांधून द्यायला लागली. मी नको म्हटलं. तिने पिशवी परत ठेवली. त्या दिवशी बाजारातून मी कोथिंबीर घेऊन घरी गेले.

कॉलेजात वार्षिक परिषद होती, तिथे माझ्या मुलांनी हे सगळं मांडलं. एका वर्तमानपत्राचा माणूस आला होता. त्याने माझ्याशी बराच वेळ बोलून घेतलं. मी त्याला सगळं सांगितलं: नाल्यात येणारं पाणी, गाळे, भंगारातल्या बॅटऱ्या फोडणारी दुकानं, प्रक्रिया न करता सोडलं जाणारं सांडपाणी. मी म्हटलं, ह्यात वेचणाऱ्या बायकांची काही चूक नाही, हे नीट लिहा. तो हो हो म्हणाला.

बातमी आली. मथळा होता, मालाडच्या तिसऱ्या विषारी. गाळ्यांचा, बॅटऱ्यांचा, सांडपाण्याचा शब्द नव्हता. "कारखानदारी आणि शहरीकरण" एवढं एका वाक्यात. आणि वर मोठा फोटो, मालाडच्या मासळी बाजारात तिसऱ्यांच्या वाट्यांमागे बसलेल्या मावशीचा. तोंड स्पष्ट दिसत होतं. तिने फोटोवाल्याकडे बघून हसून पोज दिली होती. तिला वाटलं असणार की हा माझ्या ओळखीचा.

दुपारपर्यंत तो फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. खाली कुणीतरी हात जोडून लिहिलं होतं, कृपया अशा लोकांकडून घेऊ नका, पुढे पाठवा. ज्याने लिहिलं होतं त्याचं भांडुपला भांड्यांना चकाकी आणायचं युनिट आहे. चांगला माणूस आहे, गणपतीला वर्गणी भरपूर देतो. मी त्याखाली मोठा खुलासा लिहिला. त्यावर दोन अंगठे आले आणि मग कुणीतरी पाण्याच्या टँकरचं विचारलं.

बाजारात काय झालं ते मला नंतर कळलं. तिसऱ्यांना कुणी हात लावेना, हे तर होणारच होतं. पण बाजूच्या मासळीवाल्यांचंही गिऱ्हाईक उभं राहीना, ह्याच खाडीची मासळी ना, म्हणून विचारायला लागलं. तेव्हा तिच्याच शेजारणींनी, ज्यांच्याबरोबर तिने अर्धं आयुष्य काढलं होतं, तिला सांगितलं की तू थोडे दिवस इथे बसू नकोस. तिची जागा बाजाराच्या बाहेर गेली, नारळाच्या करवंट्या टाकतात तिथे. तिथेही लोक मोबाइल काढून, हीच ती, असं एकमेकांना दाखवायचे.

मी बाजारात गेले तर ती नव्हती. फोन उचलत नव्हती. मढला जायचं मी रोज ठरवायचे आणि रोज काहीतरी काम निघायचं.

शेवटी तीच आली. रविवार होता. दार मी उघडलं. बरोबर सून होती, ती चपला काढून दारातच थांबली. मावशी आत आली, आईच्या फोटोकडे बघितलं नाही, दादांसमोर खुर्चीवर बसली. मी पाणी आणलं. तिने पेला हातात घेतला नाही.

"म्याडम," ती मला म्हणाली. माझ्या जन्मापासून तिने मला पोरी सोडून दुसरी हाक मारलेली नव्हती. "तुमचा अभ्यास बरोबरच असंल. माझं त्यावर काय म्हननं नाय. पन फोटो माझा का आला?"

मी सांगायला लागले की मी त्याला असं सांगितलं नव्हतं, मी गाळ्यांचंही सांगितलं होतं, त्यांनी कापलं. ती ऐकत होती. सून दारातून म्हणाली की आम्ही तुमच्या पोरांना चिखलातून ओढून काढलं, आणि तुम्ही आम्हालाच चिखल लावला. मावशीने तिला गप्प केलं.

मग दादा बोलले. ते बोलतील असं मला वाटलं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "त्या नाल्यात मी सोडायचो. क्रोमचं पाणी. शेठ सांगायचा आन मी मोरी उघडायचो. तुझ्या खाडीत जे निघालं त्यात माझ्या हातचं आहे."

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं ती रडेल, किंवा जाऊ द्या म्हणेल. मला वाटतं दादांनाही तेच हवं होतं. ती इतकी वर्षं घरात आलेली बाई, आईच्या मयताला भांडी घासलेली.

"मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "मी काय करू त्याचं? पेपरवाल्याला सांगा. तुमचा काढा म्हनावं फोटो. तुमच्या शेठचा काढा."

दादा म्हणाले, सांगतो.

"सांगा," ती म्हणाली आणि उठली. पाणी तसंच राहिलं. लिफ्टजवळ मी तिचा हात धरला तेव्हा तिने तो सोडवून घेतला. झटकला नाही, आपली पिशवी घ्यायची असावी तसा हळूच काढून घेतला. लिफ्ट आली आणि दोघी गेल्या.

दादांनी खरंच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं एकच, त्या पेपरवाल्याला बोलाव. मी फोन केला. तो माणूस सज्जनपणे बोलला. त्याला विषय आवडलाही. पण म्हणाला, मॅडम, ही जुनी गोष्ट झाली ना, आता तो गाळा आहे का? कागदोपत्री काही आहे का? नुसतं एका आजोबांच्या म्हणण्यावर कुणाचं नाव छापता येत नाही. मी म्हटलं, नुसत्या माझ्या म्हणण्यावर तुम्ही एका बाईचा फोटो छापलात. तो म्हणाला, तो फोटो फक्त प्रातिनिधिक होता.

दादांना गाळा बघायचा होता. मी म्हटलं, तिथे काही नाही आता. तरी म्हणाले, चल. रिक्षाने गेलो. नाला तिथेच आहे, आता त्याला दोन्ही बाजूंनी उंच भिंत बांधलीय, त्यामुळे आत कुठला रंग वाहतोय हे पुलावरून टाचा उंचावल्याशिवाय दिसत नाही. गाळ्यांची रांग काचेची झालीय. दादांच्या गाळ्यात मालिकांसाठी ऑडिशन घेणाऱ्यांचं ऑफिस होतं. बाहेर तोंडाला पावडर लावलेली तरुण पोरं-पोरी ओळीने उभी होती. दादा दारात जाऊन खाली जमिनीकडे बघायला लागले. मोरी कुठे होती ते शोधत होते. तिथे आता पांढरी लादी आहे.

वॉचमनने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हिंदीत विचारलं, आजोबाच्या रोलसाठी आलात का? ती रांग वरच्या मजल्यावर आहे.

दादांनी त्याला सांगायचा प्रयत्न केला की मी इथे काम करायचो, इथे टाक्या होत्या, इकडे निकेल, तिकडे क्रोम. वॉचमन मान हलवत होता. रांगेतल्या एका पोरीने दादांना बसायला स्टूल दिलं. ते बसले नाहीत. तिथेच मला एका चहावाल्याकडून कळलं की शेठ गेला, मुलाने धंदा वसईच्या पुढे नेला, चांगला चाललाय. तिथेही जवळ खाडी आहे का, हे मी विचारलं नाही. वसईच्या पुढे सगळीकडे खाडीच आहे.

परत येताना रिक्षात दादा एकदाच बोलले. म्हणाले, "आपल्याला कुणी दोषी धरना सुद्धा." त्यानंतर त्यांनी तो विषय काढलेला नाही. नाकातून रक्त येतं अधूनमधून, ते रुमालाने पुसतात आणि रुमाल स्वतःच धुतात.

ह्याला आता दोन वर्षं होतील. संशोधन एका नियतकालिकात छापून आलं, त्याचे गुण धरले गेले आणि मला बढती मिळाली. मुलांपैकी एकाला त्यावर परदेशी प्रवेश मिळाला. कुठल्याशा समितीने माझ्याकडून माहिती मागवली, मी पाठवली, पोचल्याचं उत्तर आलं. खाडीत काही बदललेलं नाही. बॅटऱ्या फोडणारी दुकानं आहेत तिथेच आहेत. चिखल तर आहेच. नवीन काही आलं नाही तरी जे खाली बसलंय ते आमच्या हयातीत कुठे जाणार नाही.

मावशी आता बाजारात परत बसते. तिसऱ्या ठेवत नाही. घाऊक बाजारातून आणलेला बासा आणि सुके बोंबील विकते. मी समोरून गेले की ती पाटीत खाली बघत काहीतरी निवडायला लागते. मीच वाट बदललीय, कॉलेजातून मागच्या गेटने निघते.

तिसऱ्यांचं काय होतं ते मला आमच्या विभागप्रमुखांच्या निरोपाच्या जेवणात कळलं. अंधेरीतल्या एका चांगल्या हॉटेलात टेबल होतं. तिसऱ्या आल्या, नारळाच्या वाटणात, वर कोथिंबीर. मी वेटरला विचारलं, कुठल्या? म्हणाला, रत्नागिरीच्या, मॅडम, एकदम ताज्या. पोरगा बोलण्यावरून मढकडचा वाटला. मी त्याला खोदून विचारलं तेव्हा तो इकडेतिकडे बघून म्हणाला की एजंट आणतो. सकाळी फेरीबोटीवरच घेतो बायकांकडून. बाजारात कुणी घेत नाही ना आता, म्हणून त्याला पडेल भावाने मिळतात. मी विचारलं, वेचायला कोण जातं? तो म्हणाला, आधी जायच्या त्याच.

मी टेबलावर सांगायला तोंड उघडलं. शेजारच्या सहकाऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना म्हणाला, हिला आज बोलू देऊ नका, नाहीतर कुणाला जेवू देणार नाही. सगळे हसले. मीही हसले, निरोपाचा दिवस होता. मग ताटली माझ्यापर्यंत आली, ती मी पुढे दिली आणि डाळभात मागवला.